घरच्या माणसाचा कागद

सुहैर पहिल्यांदा घरी आली त्या सकाळी सासूची तयारी करायला रावयाला सव्वा तास लागला. रोजच लागायचा. आधी गरम पाण्याची पिशवी कोपरांवर आणि गुडघ्यांवर फिरवायची, सांधे जरा सैल झाले की उचलून न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवायचं, मग साबण, पाणी, पाठ, बोटांच्या बेचक्या, आणि शेवटी एकेक हात लहान मुलासारखा बाहीत घालायचा. अकरा वर्षांत या सव्वा तासातलं एक मिनिटही कमी झालं नव्हतं. उलट सासू जड होत गेली आणि रावयाची कंबर कामातून गेली.

पण नऊ वाजता तफीदा बैठकीतल्या सोफ्यावर बसली तेव्हा बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई आत्ताच तीन जिने चढून बाजारातून आलीय. इस्त्रीची काळी पायघोळ गलाबिया, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, डोळ्यांत सुरमा. हात तेवढे शालीखाली. शिबीनच्या सूतगिरणीत एकोणतीस वर्षं तुटलेले धागे सांधणारे ते हात. आता सगळी बोटं एकाच बाजूला कलली होती, वाऱ्यानं पीक आडवं व्हावं तशी. ती ते कुणाला दाखवत नसे.

सुहैर इन्शुरन्सच्या हॉस्पिटलातून आली होती. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, पायांत सपाट काळे बूट. ती डॉक्टर नव्हती, पण घरोघरी तिला डॉक्टरबाई म्हणत आणि तिनंही ते सुधारायचं सोडून दिलं होतं. तिचं काम विचारण्याचं. आमवाताच्या अडतीस रोग्यांना हॉस्पिटल एक नवं इंजेक्शन वर्षभर देणार होतं, पंधरा दिवसांनी एक, पोटाच्या कातडीत. औषध फार महाग. वर्ष संपलं की कैरोतली एक समिती ठरवणार होती, ते सरकारनं पुढं द्यायचं की नाही.

सांधे किती सुधारले ते रक्त सांगतं, सुहैरनं समजावून सांगितलं, पण जगणं किती सुधारलं ते माणसालाच विचारावं लागतं. म्हणून एकदा आज विचारायचं आणि एकदा वर्षानं. दोन्हींतला फरक हा औषधाचा.

तिनं कागद मांडीवर घेतला. पाच गोष्टी होत्या. चालणं-फिरणं?

"काही अडचण नाही," तफीदा म्हणाली. "मला जायचंय कुठं?"

अंघोळ करणं, कपडे घालणं?

"काही अडचण नाही."

रावया चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिच्या बाह्या अजून कोपरापर्यंत ओल्या होत्या.

सुहैरनं शालीकडे पाहिलं, मग रावयाच्या बाह्यांकडे पाहिलं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, त्यात आपला शब्द घालायचा नाही, असा तिला नियम होता. तिनं तोच प्रश्न पुन्हा वाचला, या वेळी जरा सावकाश. तफीदानंही तेच उत्तर दिलं, या वेळी जरा मोठ्यानं, समोरची बाई कमी ऐकत असावी अशा समजुतीनं. घरातली रोजची कामं? होतात की सगळी वेळच्या वेळी. दुखणं? थोडं, देवाची कृपा. काळजी, उदासी? उदास व्हायला तिला काय झालंय! मग सुहैरनं एक उभी पट्टी दाखवली, शून्य म्हणजे वाईटात वाईट तब्येत आणि शंभर म्हणजे उत्तम. आजची कुठं आहे?

"नव्वद," तफीदा म्हणाली. "उरलेले दहा वयाचे."

यावर तिची मुलगी इब्तिसाम जोरात हसली. ती त्या दिवशी तंत्याहून मुद्दाम आली होती. एरवी शुक्रवारी यायची, बसबूसा मिठाईचा डबा घेऊन, आणि डबा उघडायच्या आधी आईच्या नखांखाली बघायची. इतक्या वर्षांत तिला तिथं काही सापडलं नव्हतं, पण तिनं बघायचं सोडलंही नव्हतं.

आणखी एक कागद होता. तो घरच्या माणसाचा. रोग्याची काळजी जो घेतो त्यानं, रोग्याला काय जमतं आणि काय जमत नाही, ते आपल्या मतानं लिहायचं. तेच पाच प्रश्न. सुहैरनं तो रावयापुढं ठेवला आणि पेन दिलं.

रावया इब्तिसामच्या शेजारी बसली, कारण बाकी खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे होते. तिनं अंघोळीचा प्रश्न वाचला. 'अजिबात जमत नाही' असा एक चौकोन होता, पाचातला शेवटचा. खरं तर पेन तिथंच जायला हवं होतं. पण तिथं खूण करायची म्हणजे काय, ते ती जाणून होती. एक तर लोक म्हणणार, सून नीट करत नसेल. किंवा म्हणणार, केलेलं बोलून दाखवते. बोलून दाखवलेल्या सेवेचं पुण्य लागत नाही, असं तिची आई सांगायची. हे झालं चांगलं कारण. त्याच्या खाली दुसरं एक होतं, ते तिनं आईला कधी सांगितलं नसतं: शेजारी नणंद बसली होती, आणि या घरात काही अडचण आहे हे नणंदेच्या देखत लिहायला रावयाचा हात धजावेना. तिनं पाच वेळा 'काही अडचण नाही'वर खूण केली. कागद जरा तिरका धरला, इब्तिसामला दिसेल असा.

इब्तिसामनं वाचलं. "बघा डॉक्टरबाई," ती म्हणाली, "राणी आहे माझी आई या घरात." आणि मग रावयाकडे वळून, "चहात साखर विसरलीस वाटतं."

रावया बावीस वर्षांची असताना या घरात आली. तेव्हा ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कॉलर ही सगळ्यांना न जमणारी गोष्ट. टोकं उलटवताना एक धागा इकडे की तिकडे झालं की शर्ट माणसाच्या गळ्यात रुसून बसतो. तिच्या कॉलरी बसत. लग्नानंतरही ती दहा वर्षं जात होती. सासू गिरणीतली, त्यामुळे बाईनं बाहेर काम करावं यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. "पाशाची लेक निघाली का?" असं सकाळी विचारायची, पण डबा भरून ठेवलेला असायचा. मग तफीदाची बोटं सुजली. वर्षभरात ती वाकली आणि दुसऱ्या वर्षी गुडघे गेले. नवरा इमाद तंत्याच्या रस्त्यावर मायक्रोबस चालवायचा, पहाटे निघाला की संध्याकाळी घरी. आईला अंघोळ घालणं मुलाचं कामही नव्हे. कोण राहणार, हे कुणी कुणाला विचारलं नाही. एका शनिवारी, शुक्रवारच्या सुटीनंतर, रावया कामावर गेली नाही आणि त्यापुढच्या कुठल्याच शनिवारी गेली नाही.

सासूनं तिला त्रास दिला, असं म्हणता येणार नाही. तफीदाच्या तोंडून कधी हूं निघालं नाही. पाणी कढत असलं तरी नाही, हात बाहीत अडकून वळला तरी नाही. ती फक्त भिंतीकडे बघायची. त्या दोघी त्या सव्वा तासात एकमेकींशी बोलत नसत. सासूला सुनेसमोर उघडं बसावं लागतं, तेव्हा दोघींनाही न बोलणंच सोयीचं असतं.

इंजेक्शन लागू पडलं. चौथ्यानंतर तफीदानं चहाचा ग्लास एका हातात धरला. तो तिनं तसाच धरून ठेवला, चहा गार होईपर्यंत, आणि मग म्हणाली की चहा गार आहे. सातव्यानंतर एका सकाळी रावया टॉवेल घेऊन गेली तर न्हाणीघराचं दार बंद होतं. आत पाणी पडत होतं. मग्गा पडल्याचा आवाज आला, त्यामागून गिरणीतली एक शिवी. रावया दाराबाहेर उभी राहिली. अकरा वर्षांत त्या वेळेला तिच्या हातांना दुसरं काही काम नव्हतं, आणि आता काय करायचं ते हातांना कळेना. तिनं टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

त्यानंतर म्हातारीनं तक्रारी सुरू केल्या. बरणीचं झाकण घट्ट आहे. जिन्याचा कठडा हलतो, या इमारतीत पुरुष राहतात की कोंबड्या? मुलुखियाची पालेभाजी चिरायची दोन मुठींची वाकडी सुरी रावयानं इतकी वर्षं बोथट ठेवली, ही काय सुरी आहे? ती ओट्याशी उभी राहून पाला चिरायची, पाचेक मिनिटांनी मनगट चोळायची, पुन्हा चिरायची. दुपारी मनगट सुजायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्याशी.

आणि रावया कारखान्यात गेली. जुना नव्हे, दुसरा. शाळेचे गणवेश शिवणारा. आठ ते एक. पहिल्या आठवड्यात तिच्या कॉलरी वाकड्या आल्या आणि मुकादम बाईनं त्या सगळ्यांसमोर टराटरा उसवल्या. रावयाला राग आला नाही. घरी येताना बसमध्ये ती खिडकीला टेकून बसली आणि तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून तिला कुणी हाक मारलेली नाही.

वर्ष संपलं तेव्हा सुहैर पुन्हा आली. रावया त्या दिवशी मुद्दाम घरी थांबली. तिला भीती नव्हती. भिण्यासारखं काय होतं? दार तफीदानंच उघडलं, चहाही तिनंच केला, आणि तबक घेऊन येताना तिचे हात उघड्यावर होते, सगळ्यांना दिसतील असे.

चालणं-फिरणं?

"अडचण आहे," तफीदा म्हणाली. "तीन जिने उतरते मी. येताना दुसऱ्या मजल्यावर टेकावं लागतं."

अंघोळ, कपडे?

अडचण आहे. पाठीला हात पोचत नाही, आणि कपड्याला मागून चेन लावायची कल्पना कुठल्या मेल्याची? रोजची कामं? मुलुखिया चिरताना मनगट भरून येतं. दुखणं आहे, संध्याकाळी फार. काळजी? ती तर आहेच. ही सुई बंद केलीत तर काय, याची. ती मजेत बोलत होती. गिरणीत मुकादमासमोर उभी राहून साच्यांबद्दल जशी तक्रार करायची तशी, काम करणाऱ्या माणसाच्या हक्कानं. पट्टीवर तिनं बोट ठेवलं, आता बऱ्यापैकी सरळ झालेलं बोट. साठ.

सुहैरनं चष्मा काढला. पिशवीतून गेल्या वर्षीचा कागद काढून तिनं नव्याच्या शेजारी ठेवला आणि एकेक उत्तर ताडून बघितलं.

रावया शिकलेली फार नव्हती, पण नव्वद आणि साठ तिला कळत होते.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "हे उलटं झालंय."

"हो."

"गेल्या वर्षीचं खोटं होतं."

"खोटं?" तफीदा ताठ झाली. "मी खोटं बोलले?"

"याम्मा, तुम्हाला उठता येत नव्हतं. मी घालत होते अंघोळ."

"मग? मला कसली अडचण होती? वेळेवर अंघोळ, वेळेवर जेवण, कपड्याला सुरकुती नाही. तू होतीस ना." तिनं सुहैरकडे तोंड वळवलं. "हिनं कधी अडचण येऊच दिली नाही. लिहून घ्या. अकरा वर्षं. पोटच्या मुलीनं केलं नसतं."

अकरा वर्षं रावयानं हे एक वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. आज ते आलं, आणि सासूच्या तोंडावर हात ठेवावा असं तिला वाटलं.

सुहैर सावकाश बोलली. वर कैरोत वर्षं मोजतात, पण दुखण्यातलं वर्ष अख्खं धरत नाहीत. कुणाचं अर्धं धरतात, कुणाचं पाव. औषधामुळं पाव वर्षाच्या जागी अर्धं धरता आलं की तेवढा फायदा. किती माणसांना किती, ते मिळवायचं आणि औषधाच्या किमतीशी ताडून बघायचं. इथं पहिल्याच दिवशी वर्ष अख्खं लिहिलं गेलं होतं. अख्ख्यात औषध आणखी काय घालणार? आज उम्म इमादनं, इमादच्या आईनं, सगळीकडे 'अडचण नाही' म्हटलं असतं, तरी फरक शून्यच आला असता.

"पण घरच्या माणसाचा कागद असतो," सुहैर म्हणाली. "रोगी अभिमानानं सांगत नाही, म्हणूनच तो ठेवलेला आहे." आणि तिनं गेल्या वर्षीचा तो कागद काढून रावयापुढं ठेवला. पाच खुणा होत्या, एका रेषेत, कॉलरीच्या टाक्यांसारख्या नीटस.

रावयानं त्या बघितल्या. तिनं विचारलं, नवा करता येईल का. सुहैर म्हणाली, तारीख आहे, सही आहे, आणि आकडे कैरोला जाऊन वर्ष झालं. ती शेरा लिहील. शेरा कोण वाचतं, रावयानं विचारलं. सुहैर म्हणाली, कुणी नाही. मशीन फक्त आकडे घेतं.

"तुम्ही माझ्या ओल्या बाह्या बघितल्या होत्या," रावया म्हणाली.

"बघितल्या होत्या."

"मग विचारायचं होतं, अंघोळ कोण घालतं म्हणून."

"तसं छापलेलं नव्हतं." सुहैरनं कागद गोळा केले, पण उठली नाही. तिनं सांगितलं की अडतीस घरांतली एकतीस तिची झाली होती, आणि बहुतेक ठिकाणी हेच. कुठं सून, कुठं मुलगी, कुठं बायको. सगळ्यांनी लिहिलंय, अडचण नाही. आकडा नीट वर गेला तो एकाच माणसाचा, नदीपलीकडच्या एका विधुर सायकलवाल्याचा. त्याची बटणं लावायला घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यानं पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं.

तफीदा हे सगळं ऐकत होती. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. सुहैर गेल्यावर तिनं कपबशा विसळल्या आणि विचारलं, "आता काय, माझ्या तोंडामुळं सुई जाणार?"

"माझ्या हातामुळं," रावया म्हणाली.

चार महिन्यांनी पत्र आलं. तोवर इंजेक्शनं मिळत होती. एका ओळीचं. किमतीच्या मानानं फायदा पुरेसा आढळला नाही, सबब पुरवठा बंद. फ्रीजमध्ये पनीरच्या डब्यामागं दोन इंजेक्शनं उरली होती. इमादनं ओळखीपाळखीत विचारून पाहिलं, एका औषधवाल्यानं किंमत सांगितली तेव्हा तो दुकानाबाहेर पडला. इब्तिसाम फोनवर रडली. मग म्हणाली की रावयानं कागदावर नीट लिहायला हवं होतं. एवढं साधं कसं कळलं नाही? रावयानं तिला आठवण करून दिली नाही की ती शेजारी बसली होती. करून दिली असती तरी काय, पेन काही इब्तिसामच्या हातात नव्हतं.

दोन इंजेक्शनं तफीदानं पंधरा दिवसांऐवजी महिन्या-महिन्यानं घेतली. आधी बरणीचं झाकण गेलं, मग सुरी, मग जिने. त्या तिसऱ्या मजल्यावरून ती पुन्हा खाली आली नाही. एका सकाळी न्हाणीघरात मग्गा पडला आणि या वेळी शिवी आली नाही. रावयानं दार ढकललं. तफीदा स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होती, अंगावर निम्मा साबण वाळलेला.

रावयानं पाणी गरम केलं. पाठ धुतली, बोटांच्या बेचक्या धुतल्या. कारखान्यात निघायची वेळ झाली आणि टळली. बाहीत हात घालताना तफीदा बोलली, त्या सव्वा तासात पहिल्यांदाच.

"कारखान्यात काय सांगणार आहेस?"

"सांगते. येत नाही म्हणून."

"सांगू नकोस." म्हातारी अजून भिंतीकडेच बघत होती. "मला शुक्रवारी घाल अंघोळ. बाकीचे दिवस तोंड पुसून बसव. मी बसेन."

रावयानं तिच्याकडे पाहिलं. ही बाई गिरणीतून आली की सुताचा कण अंगावर राहिला तर जेवत नसे, असं इमाद सांगायचा. चांगल्या सुनेनं इथं काय म्हणायचं असतं ते रावयाला पाठ होतं. असं कसं होईल याम्मा, मी आहे ना. ते शब्द तिच्या तोंडापर्यंत आलेही. पण ते तिचे एकदा कागदावर लिहून झाले होते.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "आणि मंगळवारी, मी आले की दुपारी."

"मंगळवारचं बघू. तू दमून येतेस."

दुसऱ्या दिवशी रावयानं तिचं तोंड पुसलं, सुरमा घातला, शाल दिली, पाण्याची बाटली नळी घालून तोंडाजवळ ठेवली आणि साडेसातला निघाली. पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात घर उघडलं की वास यायला लागला. इमाद घरी आला की खिडकी उघडायचा. शेजारीण जिन्यात भेटली की सासूची चौकशी करायची, आणि उत्तर ऐकायला थांबायची. मंगळवार कधी व्हायचा, कधी नाही. रावया खरंच दमून यायची. तिला लाज वाटायची, आणि साडेसात वाजले की ती निघायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी इब्तिसाम न कळवता तंत्याहून आली. स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडलं. साडेअकराच्या सुमारास कारखान्यात रावयाचा फोन वाजला. मशीनच्या आवाजात तिनं तो खांद्याशी धरला. इब्तिसाम ओरडत नव्हती, कुजबुजत होती, जणू आई शेजारच्या खोलीत मरून पडली होती.

"रावया, तिच्या अंगाला वास येतोय. नखांखाली मळ आहे. माझ्या आईच्या."

रावयाच्या सुईखाली निळ्या गणवेशाची कॉलर होती, अर्धी उलटलेली.

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं," रावया म्हणाली.

"मग ये घरी."

"एक वाजता सुटते. पाणी गॅसवर ठेव, साबण स्टुलाशेजारी आहे. उजवा हात आधी बाहीत घाल, डावा वळत नाही."

इब्तिसाम म्हणाली की तिची दुपारची बस आहे, तिला थांबता येणार नाही, आणि शिवाय तिला कंबरेचा त्रास आहे.

"मग शुक्रवारी मी घालते," रावया म्हणाली. तिनं फोन ठेवला, कॉलरीचं टोक नखानं बाहेर काढलं आणि पायानं मशीन दाबली.